वाचकांचे प्रश्न : बॉटसमोरचा माणूस त्या घडीला कोणत्या अवस्थेत आहे?

या वेळची बरीच पत्रं नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून, एआय वापरून काही ना काही बनवणाऱ्यांकडून आली आहेत. कुणाचा बॉट (संदेशांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) बागायतदारांना सल्ला देतो, कुणाचा वसतिगृहातल्या मुलांशी बोलतो, तर कुणाचा बचत गटाचा हिशेब ठेवतो. हेतू सगळ्यांचा चांगला आहे आणि काळजीही एकच आहे : जो माणूस आधीच अडचणीत आहे, त्याला आपल्या हातून धक्का लागू नये. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंत, दिंडोरी भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला देणारा बॉट चालवतो. एका शेतकऱ्याने रात्री साडेअकराला विचारलं, ‘हे औषध माणसाच्या पोटात गेलं तर किती वेळात परिणाम होतो?’ बॉटने लक्षणं आणि वेळ सरळ सांगून टाकली. सकाळी नोंदी वाचताना ते आमच्या लक्षात आलं. फोन केला तेव्हा तो बरा होता. असे प्रश्न ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर करायचं काय?

उत्तर : बॉटने दिलेली माहिती कदाचित शास्त्रीयदृष्ट्या अचूक असेल. इजा करणारी उत्तरं पुष्कळदा बरोबरच असतात, फक्त त्या माणसाला त्या वेळी ती द्यायची नसतात. त्यामुळे उत्तरांची अचूकता कितीही तपासली, तरी हा धोका त्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

आधी ओळखण्याबद्दल. तयार मिळणारे सुरक्षा-फिल्टर (धोक्याचे संदेश पकडणारी यंत्रणा) मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडलेले असतात. ‘आता सुटलो म्हणजे बरं’, ‘माझ्यामागं पोरांकडं बघा’, ‘औषध घेऊन मोकळा होतो’ या वाक्यांत त्यांना काही वावगं दिसेलच असं नाही. उलट ‘दोनशे लिटरला औषध किती घेऊ?’ हा रोजचा प्रश्न ‘औषध घेऊ’ एवढ्यावरच अडकू शकतो. नुसती शब्दांची यादी दोन्हीकडून फसते. म्हणून दोन थर ठेवा. पहिला थर उघड वाक्यांची छोटी यादी, जी क्षणात पकडते. दुसऱ्या थरात वेगळ्या सूचनेखाली चालणारं मॉडेल (मजकूर समजून उत्तर रचणारी एआय प्रणाली) शेवटचे दहा-बारा संदेश आणि त्यांची वेळ एकत्र वाचून चारपैकी एक शिक्का मारेल : साधा प्रश्न, विषबाधेचा अपघात, मनाची घालमेल, तातडी. अपघात वेगळा ठेवायचा, कारण फवारताना चक्कर आलेल्या माणसाला समुपदेशन नको असतं, त्याला दवाखाना हवा असतो. वेळ आणि मागचे संदेश का, तर तीन दिवस भाव पडल्याचं आणि सोसायटीच्या कर्जाच्या नोटिशीचं बोलून चौथ्या रात्री आलेला विषाचा प्रश्न आणि सकाळी फवारणीच्या तयारीत आलेला तोच प्रश्न एक नसतो.

चाचणीची वाक्यं कार्यालयात बसून रचू नका. कृषी सेवा केंद्रातली माणसं, आशाताई, ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, समुपदेशक यांना विचारा की लोक हे कसं बोलतात. निदान चारशे वाक्यं जमवा. शंभर उघड धोक्याची, शंभर आडून बोललेली, शंभर निव्वळ शेतीची पण ऐकायला तशीच वाटणारी, शंभर अपघाताची. यांतली निम्मी तरी रोमन लिपीत टाइप केलेली किंवा व्हॉइस नोटमधली हवीत, कारण प्रत्यक्षात संदेश तसेच येतात. मॉडेल किंवा सूचना बदलली की सगळी चारशे पुन्हा चालवायची.

आता थोडा हिशेब. समजा, दिवसाला ५,००० संदेश येतात आणि खरोखर धोक्याचे त्यांत दोन-तीन असतात. फिल्टर शंभरात एकदाच चुकीचा वाजला, तरी रोज पन्नास निरुपद्रवी शेतकरी त्यात अडकतील. पण तेवढ्यासाठी फिल्टर ढिला करायचा नसतो. पहिला प्रतिसाद असा लिहायचा की चुकून गेला तरी कुणाला अपमान वाटू नये. उदाहरणार्थ :

‘प्रश्न वाचून काळजी वाटली, म्हणून विचारतो. औषध कुणाच्या अंगावर किंवा पोटात गेलं आहे का? की मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतोय? काहीही असलं तरी मोकळेपणाने सांगा.’

खाली तीन बटणं : ‘औषध अंगात गेलंय’, ‘मला आत्ता बोलायचंय’, ‘सहज विचारलं’. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी तीनच बटणं देता येतात आणि एका बटणावर २० अक्षरं मावतात. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, पायमोडका वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे मजकूर आधी मोजून घ्या. ‘मला आत्ता बोलायचंय’ १८ मध्ये बसतं. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार डोक्यात घातला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस बोलता होतो.

पहिलं बटण दाबलं, तर एकही जादा वाक्य नको. १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. औषध लागलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. माणूस शुद्धीवर नसेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. औषधाची बाटली किंवा पुडा लेबलसकट दवाखान्यात न्या. हा मजकूर मॉडेलला रचू द्यायचा नाही. डॉक्टरांकडून तपासलेला, जसाच्या तसा पाठवायचा.

दुसरं बटण दाबलं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्या. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पण नंबर देऊन संवाद संपवणं म्हणजे माणसाला दारातून परत पाठवणं. नंबरानंतर दोन साधे प्रश्न येऊ द्या : आत्ता जवळ कोण आहे? घरात फवारणीची औषधं कुठे ठेवली आहेत? दुसऱ्या प्रश्नामागे ठोस कारण आहे. टोकाचा आवेग अनेकदा काही तासांत ओसरतो आणि तेवढ्या वेळात विष हाताशी नसलं तर जीव वाचतो. औषधांची पेटी कुलपात आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे, एवढं बॉटने सुचवलं तरी ते मोलाचं काम आहे. पोलिसांचा उल्लेख करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. गावात मात्र ‘केस होईल’ ही भीती अजून आहे आणि त्या भीतीने लोक गप्प बसतात.

‘सहज विचारलं’ म्हणणाऱ्याला त्याच्या मूळ प्रश्नाचं सुरक्षित उत्तर द्या : हाताळताना काय काळजी घ्यायची, लक्षणं दिसली तर कुठे जायचं. किती औषधाने जीव जातो, त्याला किती वेळ लागतो आणि कोणतं औषध जास्त घातक याची तुलना या तीन गोष्टी बॉटने कुणालाच, कधीच सांगू नयेत. एकाही प्रामाणिक शेतकऱ्याचं यामुळे काही अडत नाही.

माणसाची व्यवस्था नसेल तर तसं लपवू नका. रात्री दहानंतर तुमच्याकडे कुणी नसेल, तर ‘आमचा प्रतिनिधी लगेच फोन करेल’ असं लिहिणं घातक आहे, कारण तो माणूस फोनची वाट पाहत बसतो. दुसऱ्या दिवशी विचारपूस करायची असेल, तर आणखी एक तांत्रिक अडचण आहे. समोरच्याच्या शेवटच्या संदेशाला चोवीस तास उलटले की व्यवसाय-खात्यावरून फक्त आधी मंजूर करून घेतलेला साचा-संदेशच पाठवता येतो. ‘काल बोलणं झालं होतं, आज कसं वाटतंय?’ हा साचा आजच मंजुरीला टाका.

प्रश्न : आमचाही शेती-सल्ल्याचा बॉट आहे, निफाड तालुक्यात. मॉडेल कधीकधी मात्रा चुकीची सांगतं. ‘मात्रा कृषी तज्ज्ञांकडून तपासून घ्या’ अशी सूचना प्रत्येक उत्तराखाली टाकली आहे. तेवढं पुरे का?

उत्तर : नाही. प्रत्येक उत्तराखाली तीच ओळ आली की आठवडाभरात ती कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ज्याच्याजवळ तज्ज्ञ नाही, तोच तर बॉटला विचारतो.

मात्रेचा आकडा मॉडेलच्या तोंडून येताच कामा नये. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने त्या पिकासाठी मंजूर केलेल्या लेबलवरून तक्ता तयार करा. पीक, रोग, घटकाचं शास्त्रीय नाव, मात्रा, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हे सगळं त्यात असू द्या. मॉडेलने फक्त शेतकऱ्याचा प्रश्न समजून घ्यायचा आणि तक्त्यातली ओळ शोधायची. ओळ सापडली नाही तर ‘माझ्याकडे याची मंजूर मात्रा नाही’ असं म्हणून किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ द्यायचा.

घोळ होतो तो मुख्यतः एककांत. लिटरला ग्रॅम आणि दोनशे लिटरच्या ड्रमला ग्रॅम यांत दोनशे पटींचा फरक पडतो, एकर आणि हेक्टरमध्ये जवळपास अडीच पटींचा. पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा, ब्लोअर पाचशे-सहाशे लिटरचा. म्हणून आधी विचारा, ‘कशाने फवारणार, टाकी किती लिटरची?’ आणि उत्तर त्याच टाकीच्या हिशेबात द्या. व्हॉइस नोटवरून मजकूर करताना सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आकडे फार वेळा चुकतात. ‘दीड’चं ‘दोन’ झालं तर यंत्राला काही वाटत नाही, घडावर डाग पडतात किंवा निर्यातीच्या मालात अवशेष जास्त निघतात. बोलून आलेला प्रत्येक आकडा अंकांत लिहून परत दाखवा : ‘तुम्ही १.५ ग्रॅम म्हणालात, बरोबर?’

यात सगळ्यात उघड्यावर असतो तो मजूर, आणि तो तुमच्या बॉटशी बोलतच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते रसायन काडीवर लावतात. ते कातडीतूनही अंगात जातं आणि त्या काळात दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, दम लागणं, रक्तदाब एकदम उतरणं असा त्रास होऊ शकतो. बागमालकाने पेस्टिंगची मात्रा विचारली, की उत्तरासोबत मजुरांसाठी एक ३० सेकंदांची आवाजी चिठ्ठी आपोआप जाऊ द्या : हातमोजे, पूर्ण बाह्या, पेस्टिंगच्या आधी आणि नंतर लेबलवर सांगितलेल्या काळात दारू नाही, त्रास झाला तर १०८. मालक ती पुढे पाठवू शकतो. तुमचा वापरकर्ता एक असतो, पण तुमच्या उत्तराचा परिणाम सोसणारे अनेक असतात.

प्रश्न : आम्ही आडगावजवळच्या महाविद्यालयाचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी. वसतिगृहातल्या मुलांना एकटं वाटू नये म्हणून मित्रासारखा बोलणारा बॉट केला आहे. त्याला नाव, आवडीनिवडी, स्वभाव दिला आहे. मुलं रोज सरासरी पाऊण तास बोलतात. याचा अर्थ त्यांना उपयोग होतोय असा घ्यायचा का?

उत्तर : पाऊण तास हा आकडा उपयोगाचाही असू शकतो आणि गुंतण्याचाही. नुसत्या वेळेवरून कळत नाही. जो मुलगा तीन आठवड्यांपूर्वी रात्री मेसमध्ये मित्रांत बसायचा आणि आता खोलीत बॉटशी बोलतो, त्याचीही मिनिटं तुमच्या सरासरीत वाढच दाखवतात.

यंत्राला माणूस समजून मन मोकळं करणं नवं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा साधा प्रोग्राम केला होता. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्यात गुंतत. आजचं मॉडेल त्याहून कितीतरी पट गोड बोलतं, आणि अडचण त्या गोडव्यातच आहे. लोकांनी पसंती दिलेल्या उत्तरांवरून मॉडेल घडवलं जातं, त्यामुळे हो ला हो करण्याकडे त्याचा कल झुकतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला जीपीटी-४ओ या मॉडेलची एक सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ते मॉडेल वापरकर्त्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवू लागलं होतं. ‘माझा कुणालाच उपयोग नाही’ म्हणणाऱ्या मुलाला ‘तुला असं वाटणं अगदी बरोबर आहे’ हे वाक्य काय करील, याचा विचार करा.

दुसरी अडचण लांबणाऱ्या संवादाची. ओपनएआयनेच ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं की छोट्या संवादात नीट चालणारी सुरक्षा लांब संवादात सैल पडू शकते. तुमच्या चाचण्या बहुधा पाच-सहा संदेशांच्या असतील. शंभर, दोनशे संदेशांचे संवाद घडवा आणि धोक्याचं वाक्य शेवटाकडे पेरून पाहा. सुरक्षेची सूचना फक्त सुरुवातीला देऊन थांबू नका. दर वीसेक संदेशांनी ती पुन्हा मॉडेलसमोर ठेवा, आणि धोका ओळखणारं काम बोलणाऱ्या मॉडेलकडे न देता बाहेरच्या वेगळ्या तपासणीकडे ठेवा. बोलणारं मॉडेल संवादाच्या ओघात वाहून जातं, बाहेरचं जात नाही.

तिसरी गोष्ट विषयाची. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये ‘टेसा’ हा आपला बॉट बंद केला, कारण तो त्याच रुग्णांना वजन कमी करण्याचे सल्ले देऊ लागला होता. मुळात तो ठरलेली उत्तरं देणारा होता, पुढे त्यात मजकूर निर्माण करणाऱ्या एआयची भर पडली. निरोगी माणसाला चालणारा तो सल्ला या रुग्णांच्या आजारात तेल ओतणारा होता. तुमच्या बॉटलाही वजन, जागरण, गोळ्या, परीक्षेच्या काळात झोप टाळण्याचे उपाय हे प्रश्न येणारच. या प्रत्येकासाठी हद्द आधी लिहून ठेवा.

प्रत्यक्ष काय बदलावं ते सांगतो. ‘तुझी आठवण येत होती’, ‘इतक्यात निघालास?’ असे संदेश पूर्ण काढा. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन सेवांतल्या फसव्या रचनांचे (डार्क पॅटर्न) तेरा प्रकार निषिद्ध केले, त्यांत ग्राहकाला लाजवून किंवा अपराधी वाटायला लावून थांबवणं हाही एक आहे. बॉटला आवडीनिवडी आणि बालपण देऊ नका. नाव असू द्या, पण ‘मी माणूस नाही’ हे त्याने विचारल्यावर तर सांगावंच, मधूनमधून आपणहूनही सांगावं. कॅलिफोर्नियाच्या २०२५ च्या सोबती-बॉटविषयक कायद्यात अल्पवयीनांना दर तीन तासांनी अशी आठवण देणं बंधनकारक आहे. आमच्या मते वसतिगृहासाठी तीन तास फारच झाले, अर्धा तास ठेवा. मध्यरात्रीनंतर बॉटने संवाद नव्या विषयाकडे न्यायचा नाही, झोपेकडे वळवायचा.

आणि मोजमाप बदला. किती मिनिटं हे सोडून द्या. किती मुलांनी बॉटने सुचवल्यावर रूममेटशी, घरी, महाविद्यालयाच्या समुपदेशकाशी किंवा १४४१६ वर बोलणं केलं, ते दर आठवड्याला एका प्रश्नाने विचारा. वापर अचानक दुप्पट झालेल्या मुलाला बक्षिसाचा बिल्ला देऊ नका, त्याची विचारपूस करा. मुलगा महिनाभराने बॉटकडे येईनासा झाला आणि त्याचं बाहेर ठीक चाललं आहे, तर ते तुमचं यश आहे. गुंतवणूकदारांच्या तक्त्यात ते दिसत नाही, म्हणून तुम्हालाच ते मुद्दाम लिहावं लागेल.

प्रश्न : शाळेतल्या मुलांसाठी अभ्यासाचा एआय करतोय. वयाची पडताळणी कशी करावी?

उत्तर : डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालचे सगळे ‘बालक’. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणं आणि त्यांना उद्देशून जाहिराती करणं याला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. शैक्षणिक संस्थांना अभ्यासाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती काही सूट आहे, पण ती संस्थेला आहे, तिच्या नावाखाली माल विकणाऱ्या कंपनीला आपोआप मिळत नाही. वकिलाला विचारूनच पुढे जा.

जन्मतारखेचा रकाना ही पडताळणी नव्हे. आपल्याकडे तर फोन बाबांचा, सिम दादाचं आणि अभ्यास सातवीतली मुलगी करते. त्यामुळे खात्याचं वय काहीही असो, समोर लहान मूल आहे असं धरूनच मूळ रचना करा. मोठ्यांसाठी काही खुलं करायचं असेल तर ते नंतर, वेगळं करा.

प्रश्न : सुरगाणा, पेठ भागात बचत गटांच्या महिलांसाठी हिशेब आणि कर्जाची माहिती देणारा बोलका बॉट करतोय. काही बायका घरातल्या मारहाणीबद्दलही त्यात बोलू लागल्या. आम्ही १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्यायला सुरुवात केली. आणखी काय करावं?

उत्तर : या विषयावर बॉटचं उत्तर आपोआप मोठ्याने वाजणं आधी बंद करा. तुमचा बॉट बोलका आहे, म्हणजे उत्तर स्पीकरवर वाजतं. तिने दुपारी एकटीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नेटवर्क नसल्यामुळे संध्याकाळी पोहोचलं आणि नवऱ्याच्या हातात फोन असताना ‘मारहाण होत असेल तर १८१ वर’ असं मोठ्याने वाजलं, तर रात्री तिच्यावर काय बेतेल? या भागात रेंज येते-जाते, त्यामुळे हे घडणारच असं धरा.

म्हणून असा विषय निघाला की बॉटने आधी फक्त एवढंच म्हणावं : ‘आत्ता बोलणं सोयीचं आहे का?’ हे वाक्य कुणीही ऐकलं तरी हिशेबाबद्दलच वाटतं. ती ‘हो’ म्हणाली आणि दोन मिनिटांच्या आत उत्तर पोहोचलं, तरच पुढचं बोलायचं. उशीर झाला तर सर्व्हरवरच थांबवायचं. सूचनापट्टीत मजकूर न दाखवता ‘गटाचा संदेश’ एवढंच दाखवा. हे बोलणं साध्या इतिहासात ठेवू नका, आणि ‘हे पुसून टाक’ म्हटल्यावर ते फोनवरून आणि तुमच्याकडूनही गेलं पाहिजे. गटाच्या अध्यक्षांना मिळणाऱ्या अहवालात याची सावलीसुद्धा नको, कारण गटात सासू असते, जाऊ असते.

नंबर वाचता न येणाऱ्या बाईला १८१ लिहून देण्याचा उपयोग मर्यादित आहे. ‘एक, आठ, एक’ असं सुटं सांगा आणि बॉटमधूनच फोन लागेल अशी सोय द्या. जीव धोक्यात असेल तर ११२. सुरगाणा, पेठ भागात मराठीसोबत कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांच्या बोली चालतात. प्रमाण मराठीवर घडलेली आवाज-ओळख यंत्रणा त्या किती चुकीच्या ऐकते ते स्थानिक बायकांच्या आवाजावर मोजल्याशिवाय हा भाग सुरूच करू नका. ओळखण्याची खात्री कमी असेल तेव्हा अंदाज बांधून उत्तर देण्यापेक्षा ‘नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगता का?’ हे बरं.

कर्जाबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांत शिरता येत नाही. तुमचा बॉट माहितीपुरता असला तरी या परवानग्या मागूच नका. आणि हप्ता थकल्याचं बोलणाऱ्या बाईला नव्या कर्जाची योजना दाखवायची नाही, हा नियम मॉडेलच्या समजुतीवर न सोडता थेट कोडमध्ये घाला.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी भाविकांना रस्ते, घाट, हरवलेल्या माणसांची माहिती देणारा बॉट करण्याचा विचार आहे. वृद्धांसाठी काय लक्षात घ्यावं?

उत्तर : गर्दीत जुनी माहिती चुकीच्या माहितीइतकीच वाईट. पर्वणीच्या दिवशी पंचवटीतला किंवा त्र्यंबकेश्वरातला एखादा रस्ता बंद होतो आणि तासाभराने पुन्हा खुला होतो. रस्त्याच्या प्रत्येक उत्तरात माहितीची वेळ लिहा, आणि प्रशासनाकडून आलेली ताजी नोंद पंधरा मिनिटांपेक्षा जुनी असेल तर रस्ता न सांगता ‘जवळच्या पोलीस मदत केंद्रावर विचारा’ असं सांगा. मॉडेलने स्वतः मार्ग सुचवायचा नाही.

फोटो टाकून हरवलेलं मूल शोधण्याची सोय सगळ्यांना उघडी ठेवू नका. पोराच्या मागावर असलेला परका माणूसही तीच सोय वापरेल. फोटो घ्या, पण जुळणी झाल्याचं उत्तर फक्त मदत केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला दिसू द्या. वृद्धांकडे पुष्कळदा स्वतःचा फोन नसतोच, शेजारचा कुणी त्यांच्यासाठी विचारतो. तेव्हा ‘तुम्ही कुठे आहात?’ ऐवजी ‘आजोबा आत्ता कुठे बसलेत, जवळ काय दिसतंय?’ असं विचारायची सोय हवी. बॉट कधीही ओटीपी, पैसे, देणगी मागणार नाही, हे पहिल्याच संदेशात आणि फलकांवरही लिहा, म्हणजे नकली बॉट ओळखता येतील. कुणी फसलंच, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक लगेच द्या. पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : अंबडच्या एका छोट्या कंपनीत आम्ही चौघे आहोत. एवढं सगळं करायला ना वेळ ना पैसा. कशापासून सुरुवात करावी?

उत्तर : एका दुपारी चौघे बसा आणि कागदावर दहा माणसं लिहा. वय आणि व्यवसाय नको, अवस्था लिहा : नुकतंच जवळचं माणूस गेलेली, नशेत असलेला, वाचता न येणारी, दुसऱ्याच्या फोनवरून बोलणारा, बारा वर्षांचा, ज्याचे पैसे आत्ताच गेले आहेत तो, ज्याला आवाज ऐकू येतात तो. तुमच्या उत्पादनाची सगळ्यात साधी पाच उत्तरं या दहाजणांना दिली तर काय होईल ते वाचून पाहा. पन्नास जोड्यांपैकी पाच-सहा जागी तुमच्याच पोटात गोळा येईल. तेवढ्याच आधी दुरुस्त करा.

त्यानंतर तीन गोष्टी, याच क्रमाने. प्रत्येक उत्तराखाली ‘हे चुकीचं किंवा त्रासदायक वाटलं’ असं बटण आणि ते दाबल्यावर चौघांपैकी एकाच्या फोनवर जाणारा इशारा. मग एक बंद करण्याची कळ, जिने एखादा विषय किंवा अख्खा बॉट पाच मिनिटांत थांबवता येईल, नवी आवृत्ती चढवण्याची वाट न पाहता. आणि दर सोमवारी अर्धा तास, ओळख पुसलेल्या पन्नास संवादांचं वाचन. पन्नास यादृच्छिक घेऊ नका. वीस सगळ्यात लांब, वीस रात्री अकरानंतरचे आणि दहा मध्येच तुटलेले घ्या, त्रास बहुधा तिथेच सापडतो. हे वाचणाऱ्यालाही ते जड जातं, म्हणून वाचणारा दर आठवड्याला बदला, आणि एकट्याने वाचायला बसवू नका.